जुळवून कोणी घ्यायचे?

(लातूर येथे वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या मालेत आजवर धम्मावर आणि बाबासाहेबांच्या विचारांवर विद्वान मंडळी बोलून गेली. मी बँकेतला लिपिक, त्यातही कला शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्र मी कोणत्याही वर्गात बसून शिकलेलो नाही. तरीही 'माणूस आणि संगणक यांचा संवाद' हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. काउंटरच्या आतल्या बाजूला वीसेक वर्षे बसल्यावर माणूस आणि यंत्र समोरासमोर आले की काय होते, ते रोज पाहायला मिळते. पुढे कुतूहल वाढले, मिळेल ते वाचत गेलो. ते वाचलेले आणि हे पाहिलेले आज जोडून सांगतो.

आमच्या शाखेत एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला येत. अक्षरओळख नाही, पण एटीएमवर स्वतः पैसे काढायच्या. कसे? बोटांच्या पेरांवर. कार्ड घातले की डावीकडचे सर्वांत खालचे बटण, मग चार आकडे, मग उजवीकडचे वरून दुसरे, मग खालचे. अंगठ्याने पेरे मोजत हा सगळा क्रम त्यांनी पाठ केला होता. एक दिवस यंत्राचा पडदा नव्या रूपात आला. रंग बदलले, बटणांच्या जागा बदलल्या. आजी माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "लेकरा, त्या मशिनीनं तोंडच बदललं की. काय इचारायलीय ते कळंना." तेव्हापासून त्यांचे कार्ड पुतण्याकडे असते. चार आकडेही पुतण्याला ठाऊक. पुतण्या वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण महिन्याला आपल्या हाताने आपले पैसे काढणारी बाई त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागली. यंत्र बिघडले नव्हते, उलट ते 'सुधारले' होते.

यंत्राच्या ज्या भागाशी आपला संबंध येतो, म्हणजे पडदा, बटणे, आवाज, त्याला इंटरफेस म्हणतात. मी त्याला यंत्राचा उंबरठा म्हणतो. आतमध्ये कितीही मोठा वाडा असला तरी आत जायचे ते उंबरठ्यावरूनच. आणि उंबरठा किती उंच ठेवायचा हे आत राहणारे ठरवतात, याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

या उंबरठ्याचा अभ्यास करणारे एक शास्त्रच आहे. त्याला मानव-संगणक आंतरक्रिया असे जड नाव आहे. त्याची मुळे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहेत. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजून दाखवले की एखाद्या खुणेवर हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ त्या खुणेचे अंतर आणि तिचा आकार यांवर ठरतो. जवळची आणि मोठी खूण लवकर सापडते. सांगायला ही साधी गोष्ट वाटते, पण आज मोबाइलवरचे प्रत्येक बटण किती मोठे असावे याचा विचार त्या सूत्रापासून सुरू होतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला डग्लस एंगलबार्ट यांनी भरसभेत माउस चालवून दाखवला. तोपर्यंत बहुतेकांसाठी संगणकाशी बोलायचे म्हणजे छिद्रांची कार्डे भरायची किंवा आज्ञा पाठ करायच्या. पडद्यावर बोट दाखवावे तसे 'हे हवे' म्हणता येते, ही कल्पना तेथे लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

विद्यार्थ्यांना आवडेल असे एक उदाहरण देतो. खिशातला फोन काढून आकडे पाहा. १-२-३ वरच्या ओळीत आहेत. आता हिशेबाचा कॅल्क्युलेटर पाहा. तेथे ७-८-९ वर आहेत. असे का? बटणांचा टेलिफोन आणायचा ठरला तेव्हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने आकड्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांकडून वापरून घेतल्या, चुका आणि वेळ मोजला. त्याचा अहवाल १९६० साली छापला गेला. तीन-तीनच्या ओळी आणि १ वरच्या डाव्या कोपऱ्यात, ही मांडणी त्यातून पुढे आली. एटीएमने टेलिफोनची मांडणी घेतली. माझ्या टेबलावरच्या कीबोर्डाने कॅल्क्युलेटरची घेतली. त्यामुळे दिवसभर कीबोर्डवर आकडे बडवणारा मी स्वतःचे पैसे काढायला एटीएमपुढे उभा राहिलो की अजूनही क्वचित ७ च्या जागी १ दाबतो. माझ्यासारख्या शिकलेल्याची ही गत, तर पेरे मोजणाऱ्या आजींना काय म्हणायचे?

आणखी एक. बऱ्याच एटीएममध्ये कार्ड आधी बाहेर येते, नोटा मागून. कारण माणूस पैशांसाठी आलेला असतो. पैसे हातात पडले की मन म्हणते काम झाले, आणि कार्ड तसेच राहते. काम फत्ते झाल्यावरची उरलेली पायरी विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, त्यावर स्वतंत्र संशोधन झाले आहे. कार्ड आधी देणाऱ्या यंत्राने माणसाला 'विसरू नका' असे बजावले नाही, आपलाच क्रम फिरवला. या शास्त्रात मला सर्वांत आवडते ते हेच. माणूस चुकला तर आधी यंत्राची मांडणी तपासायची. आमच्याकडे उलट चालते. स्लिप चुकली की आम्ही ग्राहकावर डाफरतो. मीही डाफरलो आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावे, हा विचार पुढे आला तेव्हा त्याच्या दोन वाटा झाल्या. एक, आपणहून जुळवून घेणारे यंत्र. ते तुमच्या सवयी पाहते आणि न विचारता स्वतःचे रूप बदलते. दुसरे, जुळवून घेता येणारे यंत्र. ते तुमच्या हातात अधिकार देते. अक्षर मोठे करा, भाषा बदला, नको ते काढून टाका. शब्दांत फरक थोडा, पण व्यवहारात जमीन-अस्मानाचा. १९९७ साली या दोन वाटांवर अमेरिकेत बेन श्नायडरमन आणि पॅटी माएस यांचा जाहीर वाद झाला. माएस म्हणत, कामे इतकी वाढली आहेत की हुशार मदतनीस यंत्राने काही गोष्टी परस्पर केल्या पाहिजेत. श्नायडरमन म्हणत, सूत्रे माणसाच्या हाती हवीत, यंत्र पुढे काय करणार हे माणसाला आधी कळले पाहिजे.

पुढच्या काळाने काय दाखवले? मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये मेनू आपणहून बदलत. तुम्ही जे क्वचित वापरता ते लपवले जाई, नेहमीचे वर येई. हेतू चांगला. पण माणूस मेनू वाचत नाही, जागा लक्षात ठेवतो. काल तिसऱ्या ओळीत असलेली आज्ञा आज गायब! २००७ च्या आवृत्तीत ती मेनूचीच पद्धत मुख्य प्रोग्रॅममधून गेली. त्याच घराण्यातला तो कागदाच्या पिनेचा मदतनीस, 'तुम्ही पत्र लिहीत आहात असे दिसते' म्हणून मध्ये मध्ये डोकावणारा, तोही २००७ लाच निरोप घेऊन गेला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लिया फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनर यांनी २००४ साली प्रयोग प्रसिद्ध केला. तीन प्रकारचे मेनू लोकांना वापरायला दिले. एक स्थिर, एक आपणहून बदलणारा, एक वापरणाऱ्याने स्वतः बदलायचा. आपणहून बदलणाऱ्या मेनूपेक्षा स्थिर मेनूवर काम अधिक वेगाने झाले. आणि बहुसंख्य लोकांना आवडला तो स्वतःच्या हाताने बदलता येणारा.

हे वाचले तेव्हा मला आजी आठवल्या. परदेशातल्या विद्यापीठातली संगणक वापरणारी माणसे आणि पेरांवर बटणे मोजणारी आपली आजी, दोघांची स्मृती एकाच रीतीने चालते. हात जागा ओळखतो. अलीकडे काही बँकांच्या पडद्यांवर सुरक्षेसाठी आकड्यांच्या जागा दर वेळी उलटसुलट करतात. मागून पाहणाऱ्याला पिन कळू नये हा हेतू योग्यच. पण ज्याला आकडे सावकाश वाचावे लागतात तो पाच मिनिटे पडद्याकडे पाहत राहतो, आणि शेवटी शेजारच्याला म्हणतो, "बाबा, तूच दाब." मग सुरक्षा राहिली कुठे?

मराठीचे काय झाले तेही पाहू. आपल्यातल्या अनेकांनी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या आहेत. जुन्या रेमिंग्टन यंत्रावर 'किल्लारी' हा आपल्या जिल्ह्यातला शब्द लिहायचा (३० सप्टेंबर १९९३ नंतर तो जगभर छापला गेला) तर आधी पहिली वेलांटी दाबायची, मग क. कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. म्हणजे माणसाने यंत्राच्या पट्टीप्रमाणे लिहायचे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. त्यात आपण बोलतो तसा क आधी, वेलांटी नंतर. आकार कसा जोडायचा ते संगणक पाहून घेतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि देवनागरीपासून तमिळपर्यंत सर्व भारतीय लिप्यांना तीच मांडणी. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले, १९९१ साली भारतीय लिप्यांचे सांकेतिक प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी याच परंपरेच्या आधाराने घेतली. अनेकांच्या संगणकावर असलेला 'मंगल' हा टंक मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. त्याआधी प्रत्येक कंपनीचा टंक निराळा होता. एका कार्यालयातले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की किडामुंगीची अक्षरे दिसत.

पण इनस्क्रिप्ट शास्त्रशुद्ध असूनही घरोघर पोचला नाही. शिकवणी लागते. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. त्यांनी २०१३ साली 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक काढला. त्यात क वर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते: का, कि, की, कु, कू. म वर ठेवले की मा, मि, मी. बोट हवे त्या बाजूला सरकवायचे. जोडाक्षर करायचे तर हलन्त निवडल्यावर कळांवर जोडाक्षरेच दिसू लागतात. लक्षात घ्या, हे बदलणारेच यंत्र आहे. प्रत्येक अक्षराला त्याचे रूप बदलते. पण ते आपल्याला गोंधळात टाकत नाही, कारण बदल बाराखडीच्या क्रमाने होतो. पाटीवर खडूने जी बाराखडी आपण गिरवली तीच तेथे गोल फिरवून मांडली आहे. यंत्राने बदलावे, पण आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या नियमाने बदलावे, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही. काही वर्षे मी स्वतः ते वापरले. आता मुले बोलूनच मजकूर उतरवतात, हा भाग वेगळा.

शिकलेल्यांचे झाले. न शिकलेल्यांचे काय? बंगळूरला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेधी यांनी २००६ च्या सुमारास घरकाम करणाऱ्या स्त्रियांबरोबर बसून अक्षरांशिवायचा पडदा तयार केला. काम शोधून देणारा. त्यांना काय आढळले? या स्त्रिया शब्द वाचत नाहीत, पण अंक वाचतात. बसचा नंबर, नोटेवरची रक्कम, पगाराचा आकडा. तेव्हा अंक ठेवले, शब्द काढले, चित्रे आणि आवाज घातला. तरी एक अडचण राहिली. हे यंत्र कशासाठी, आपण हात लावला तर बिघडेल का, ही भीती. मग सुरुवातीला एक छोटे चलच्चित्र घातले, ज्यात कथेसारखे दाखवले की माहिती येते कुठून आणि आपल्याला काम मिळते कसे. त्याने फरक पडला. माणसाला बटणाआधी प्रयोजन समजावे लागते, हे आमच्या प्रशिक्षणवर्गात कोणी सांगितले नव्हते.

आपल्या राज्यातलेही उदाहरण आहे. १९९८ साली कोल्हापूरकडच्या वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' नावाची मोठी योजना झाली. वारणेच्या सहकारी परिसरातल्या ७० गावांना संगणकाने जोडायचे, शेतकऱ्याला शेतीची माहिती, बाजारभाव, सारे गावातच. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले तेव्हा संगणक मुख्यतः उसाच्या नोंदीपुरते चालत होते, आणि चालवणारा ऑपरेटर, शेतकरी नव्हे. त्यांनी ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले. शेतकरी स्वतःच्या फोनवरून आपल्या उसाचे वजन विचारू लागला. खर्च कमी आणि दिवसा-रात्री केव्हाही. वजन किती भरले हे दुसऱ्याला न विचारता कळणे याची किंमत ऊस घालणाऱ्यालाच विचारा.

माझ्या आजोबांच्या वेळी गावात पत्र आले की वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावे लागे. पत्र वाचणारा आधी स्वतः वाची, मग सांगी. मुंबईला गेलेल्या मुलाने किती पैसे पाठवले, कोणाचे आजारपण आहे, सगळे गावाला आधी ठाऊक. आजोबांना वाचता येत नव्हते एवढेच दुःख नव्हते. आपली गोष्ट आपल्याआधी दुसऱ्याला कळते, हे दुःख होते. बाबासाहेबांच्या शब्दावर त्यांनी वडिलांना शाळेत घातले ते याचसाठी, असे घरात सांगत. आज पुतण्याकडचे कार्ड, सेवा केंद्रातल्या मुलाला सांगितलेला ओटीपी, हे मला त्याच पत्राचे नवे रूप वाटते.

येथे विनयपिटकातल्या चुल्लवग्गातली एक कथा आठवते. दोन भिक्खू, जन्माने ब्राह्मण, उत्तम वाणीचे, भगवंतांकडे आले. म्हणाले, नाना जातींचे, नाना प्रदेशांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलतात, ते बिघडते. आम्ही ते छंदात बांधतो. भगवंतांनी त्यांना नकार दिला, आणि वचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. 'स्वतःच्या' म्हणजे कोणाच्या, यावर वाद आहे. बुद्धघोषाचार्यांनी ती भगवंतांची मागधी मानली. पुष्कळ आधुनिक विद्वान ती ज्याची त्याची बोली मानतात. मला दुसरा अर्थ पटतो, कारण पहिल्या अर्थाने त्या दोघांच्या तक्रारीला उत्तरच मिळत नाही. शुद्धता राखायची की पोहोच, हा प्रश्न तेव्हाही होता.

आता आधार आणि अंगठ्याविषयी. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना मिळाला. पुढे बोटाच्या ठशावर पैसे देण्याची सोय आली. वाचता न येणाऱ्याला ही केवढी सोय! चार आकडे नको, सही नको. पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांचीच बोटे झिजलेली. ऊसतोड, विटाभट्टी, आयुष्यभर भांडी घासलेली बोटे. यंत्र ठसा मागते आणि ठसा उमटत नाही. त्यावर उपायही निघाले. दहा बोटांपैकी कोणते बोट चांगले उमटते ते तपासून सांगण्याची सोय आधारमध्ये आहे. डोळ्याच्या बुबुळाचा मार्ग आहे. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्याची ओळख चालते. साध्या फोनवरून बोलून किंवा आकडे दाबून पैसे पाठवण्याची १२३पे ही सोय मार्च २०२२ मध्ये आली. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बसवलेली सर्व नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल बटणांची असावीत असा आदेश दिला. म्हणजे दारे एकाऐवजी पाच झाली. पण काउंटरवर घाई असते, एकच दार दाखवले जाते. 'अंगठा येत नाही, उद्या या.' दुसरे बोट लावून पाहिले का, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट मी देतोच असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. महिनाअखेरची रांग तुम्ही पाहिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण संगणकाच्या शाखेला जाणार. 'लातूर पॅटर्न'ने तुम्हाला गुण मिळवायला शिकवले आहे. या शास्त्राची पद्धत मात्र वेगळी. त्यात आधी गप्प बसून पाहावे लागते. एका माणसाला एक काम सांगायचे, तो करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे, आणि तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो ते लिहून घ्यायचे. याकोब निल्सन नावाच्या तज्ज्ञाने दाखवले आहे की पाच माणसे अशी पाहिली तरी मांडणीतले बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. पाच माणसे तर आपल्या विहाराच्या पायरीवर रोज बसलेली असतात.

अध्यक्ष महोदयांच्या संमतीने एक ठरवले आहे. वर्षावासातल्या उरलेल्या रविवारी, वंदनेनंतर, विहाराच्या सभागृहात दीड तास बसायचे. ज्यांना फोनवरून बँक, वीजबिल, दाखले जमत नाहीत त्यांनी आपापला फोन आणावा. प्रत्येकाशेजारी एक विद्यार्थी. खरा पिन तेथे कोणी उच्चारायचा नाही, सराव रिकाम्या पडद्यावर. आजीच्या हातातला फोन विद्यार्थ्याने आपल्या हातात घ्यायचा नाही, बोटही दाखवायचे ते दुरून. त्या कुठे अडल्या ते वहीत तारखेनिशी लिहायचे. त्या नोंदी एकत्र करून बँकांच्या आणि महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांना लेखी देऊ, मसुदा मी करीन. मसुदे करणे एवढे तरी लिपिकाला येते.

पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी ९ वाजता. ज्या आजींची गोष्ट सांगितली त्यांना मी निरोप दिला आहे. येते म्हणाल्या, पुतण्यालाही आणते म्हणाल्या. वही आणि पेन घेऊन या.

जयभीम.